खोबरेल आणि अक्षता

हॅलो?… हो देवांग, बोल. ऑफिसच्या कॉलवरच होते, म्यूट केलंय… कुठून बोलतोयस? शूटिंग रेंजवरून? सुट्टी घेऊन गोळ्या झाडायला गेलास? मला तर डेंटिस्ट सांगितलंस…

बरं, बरं. काय झालं तुझ्या रायफलीला?… अडकली म्हणजे?… रिकामं काडतूस बाहेरच पडत नाही. मग मी काय करू, इथे अल्फारेटात घरी बसून फुंकर मारू?

काय? माझ्यामुळे?… अरे ऐक ना… अक्षता निघाल्या आतून? निघणारच. दसऱ्याला लॅपटॉप आणि गाडीच्या किल्ल्यांबरोबर तीही पाटावर मांडायची हौस कुणाची? शस्त्रपूजा म्हणे. कोपऱ्यावरच्या घरात चोरी झाली, तर अमेरिकेत मिळते म्हणून आपल्याकडे रायफल आली. मला विचारलंसुद्धा नाहीस.

आणि पूजेआधी चकाकायला तेल कसलं लावलंस?… खोबरेल? केसांचं?… हसू नको तर काय करू. गेला आठवडाभर थंडी पडलीय, बाटली गरम पाण्यात ठेवतो आपण. रायफलीच्या आतलंही गोठलं असणार. त्यात तांदूळ चिकटले, मग काडतूस बाहेर ओढणारा तो बोल्ट मागे येणार कसा?

हो, हो… थांब. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगवाली आहे, मला पहिल्यापासून सांग. स्टेप बाय स्टेप. बॅगेतून काढलीस. मग?… टार्गेटकडे तोंड करून ठेवलीस. मग?… रिकामीच आहे म्हणून नुसता ट्रिगर ओढून बघितलास. आणि गोळी सुटली. तेच काडतूस अडकलं.

एक मिनिट. गोळ्यांचं मॅगझिन कधी लावलंस?… आधी की नंतर?… लावलंच नव्हतं?

मग गोळी आली कुठून?

नळीतच राहिली असेल म्हणजे? कधीपासून?… याआधी शेवटचा कधी गेला होतास रेंजवर?… ऑगस्टमध्ये.

ऑगस्टमध्ये, देवांग. दसरा ऑक्टोबरात होता.

यामिनी, यामिनी करू नकोस. अंतरानं कुंकू लावलं त्या रायफलीला. नऊ वर्षांची आपली पोर. फोटोसाठी मांडीवर घेऊन बसली होती. तूच म्हणालास, थोडी वर धर, छान दिसेल. नळी तिच्या हनुवटीला टेकली होती. तुझ्या आईनं तो फोटो नागपुरात सगळ्यांना दाखवला.

मी विचारलं होतं तुला, रिकामी आहे ना? तू म्हणालास, मी काय मूर्ख आहे का?… मॅगझिन काढलं होतंस. म्हणजे झाली रिकामी. वा.

नाही, ओरडत नाहीये. हो, काही झालं नाही. माहितेय मला. त्यात तुझं कर्तृत्व शून्य आहे.

…रडतोयस? रड. मला आत्ता तुझी दया येत नाहीये, खरंच येत नाहीये… तिची शाळा सुटेल आता, मला निघायचंय.

ऐक. ती वस्तू घेऊन आलास तर मी दार उघडणार नाही. दुकानात दे, पोलिसांकडे दे, कुठेही दे… न घेता आलास तर? बघू. आज ते विचारू नकोस.

काय?… कोण, रेंजवाला म्हणतोय?… साफ केली की नीट चालेल?

अरे, मला ती चालायला नकोय. ठेवते.