कुलूप मीच काढले

जबाब
दि. ११/०४/२०२५

मी एस्तेर दानियल गावित, वय ५७ वर्षे, धंदा नोकरी (ग्रंथपाल), रा. चर्चच्या मागे, नवापूर, जि. नंदुरबार. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. एकतीस वर्षांपासून येथील एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. प्राध्यापकांचे प्रबंध व त्यांनी जमवलेली माहिती ज्या ऑनलाइन भांडारात ठेवतात, त्याचा पासवर्ड फक्त माझ्याकडे असतो. नन्सच्या शाळेत असताना पुस्तकांच्या कपाटाची किल्लीही माझ्याकडेच असे.

सन २०२१ मध्ये आमच्या एका प्राध्यापकांनी सिकलसेल या रक्ताच्या आजारासाठी गावोगाव मुलींची तपासणी केली. लोक रक्त देईनात, म्हणून मी सोबत गेले. त्या गावांत मी लहानाची मोठी झाले. नावांची यादी कुलपात राहील, असे मी घरोघर आमच्या मावची बोलीत सांगितले. यादीत नाव, गाव व कार्डाचा रंग आहे. पिवळे कार्ड म्हणजे मुलगी स्वतः ठणठणीत, पण नवराही पिवळ्या कार्डाचा असेल तर आजार मुलांना होऊ शकतो. ती फाइल मी भांडारात कुलूपबंद ठेवली होती.

बाहेरची एक संस्था अशा भांडारांना दरवर्षी क्रमांक देते. इंटरनेटवर शोधल्यावर किती फाइली पूर्ण उघडतात, त्यावर गुण असतात. बंद फाइलीला शून्य. कुलूप नीट लावले याला गुण नाहीत. आमचा क्रमांक २१४ होता. फेब्रुवारीत प्राचार्य हेमकांत सर मला म्हणाले, "मॅडम, खुराड्यात झाकलेल्या कोंबड्या मोजणीत येत नाहीत. सोडा बाहेर." ते हसले. मीही हसले.

दि. १२/०२/२०२५ रोजी मी ६३ फाइलींची कुलुपे काढली. प्रत्येक फाइल उघडून पाहिली. यादीही पाहिली. नावे ओळखीची होती. आपल्याकडची नावे कोण शोधणार, असे मनाशी म्हणून मी पुढची फाइल घेतली.

दि. २४/०३/२०२५ रोजी क्रमांक ८८ आला. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

दि. ०६/०४/२०२५ रोजी रविवारी उपासनेनंतर सर्वजण हस्तांदोलन करत होते. यादीतील एका मुलीच्या आईने माझा हात घेतला नाही. ती म्हणाली, "बाई, कुलपात ठेवते म्हणाली होतीस ना?" तिच्या मुलीचे लग्न ज्या मुलाशी ठरले होते, त्याच्या आत्याने मोबाइलवर मुलीचे नाव टाकले, तर सर्वांत वर यादीच आली. मे महिन्यातले लग्न त्यांनी मोडले. मुलाची स्वतःची तपासणी झालेली नाही. मी म्हटले, "मी बघते." ती म्हणाली, "आता काय बघतेस? बघायचं तेव्हा बघितलं नाहीस." मी बघितले होते, हे मी तिला सांगितले नाही.

त्याच दिवशी मी यादीला पुन्हा कुलूप लावले. परंतु लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती फिरत आहेत. पिवळ्या कार्डाच्या आणखी सोळा मुली त्यात आहेत.

दि. ०९/०४/२०२५ रोजी कोणा अज्ञात इसमाने भांडारात घुसून यादी चोरली, असा अर्ज महाविद्यालयाने येथे दिला. अर्जाखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. सर म्हणाले होते, "मॅडम, तीन वर्षं राहिलीत, शांतपणे रिटायर व्हा." मी अर्ज वाचून सही केली.

तो अर्ज खोटा आहे. कोणीही घुसले नाही. कुलूप मी काढले. कोणावर संशय घेऊन कोणाला बोलावू नये.

जबाब घेणाऱ्या साहेबांनी मला त्या मुलीचे व तिच्या आईचे नाव विचारले. ती नावे मी सांगितली नाहीत व सांगणार नाही. कागदावर त्यांच्यासाठी ठेवलेली जागा मी माझ्या हाताने आडवी रेघ मारून बंद केली आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेच त्यात आहे व ते खरे आहे.

समक्ष सही
एस्तेर दानियल गावित