चौथा ब्रश

लिफ्टची वाट बघणाऱ्या मास्तरीणबाईंना शेजारच्या उघड्या दारातून बोलणं ऐकू येत होतं. झुरळांचं औषध मारायला आलेली बाई घरमालकाशी बोलत होती.

“साहेब, घरात माणसं किती?”

“तिघं. बायको-मुलगी खाली गेल्यात, मीही निघालोच. करा सुरू.”

“बाथरूममध्ये ब्रश चार आहेत. चारही ओले.”

“पाहुणा होता. सकाळीच गेला.”

“ब्रश विसरून?”

“अहो ताई, झुरळं मारायला आलात की झडती घ्यायला?”

“बारा वर्षं हेच करतेय. आधी ब्रश मोजते, मगच मशीनला हात लावते. हा धूर चार तास कोंडून ठेवायचा असतो. ती मागची खोली उघडा.”

“तिथे नुसती अडगळ आहे.”

“अडगळीला बाहेरून कडी?”

“आई आहे माझी. खाली नेली की आरडाओरडा करते, चारचौघांत शोभा होते. दाराच्या फटीला ओलं फडकं लावलंय ना मी!”

“झुरळालासुद्धा पळायला फट मिळते, साहेब. कडी काढा.”

लिफ्ट आली. मास्तरीणबाई जागच्या हलल्या नाहीत.

कडी वाजली. आतून बारीक आवाज आला.

“झालं का रे मारून? आता बोलू का?”