गर्टीचा कप

— अहो, तिसऱ्यांदा बेल दाबू नका, तिची बेल गेल्या हिवाळ्यापासून बंदच आहे. इकडे या, इकडे, पायऱ्या चढून वर. मी वर्ना टॉलेफसन, शेजारीण. आणि तुम्ही मिस्टर हॉल्ट, जॅनिसनं पाठवलेले — बघा, ओळखलं की नाही? ओळखायचं काय त्यात, आमच्या या ऑस्लंड गावात टाय लावून येणारा माणूस एक तर विम्याचा, नाही तर कोणाला तरी न्यायला आलेला. बसा. त्या खुर्चीत नको, ती मांजराची. कॉफी घेणार ना? घ्यायचीच. आमची इमोजीन स्ट्रँड जरा पडलीय. उठली की तिच्या स्वयंपाकघराचा पडदा वर जातो, मला इथनं दिसतं. मी काही बघत बसत नाही हं, खुर्चीच अशी ठेवलेली आहे, त्याला मी काय करू?

तर तिच्या भाचीला, म्हणजे तुमच्या जॅनिसला, कागदावर लिहून पाहिजे की म्हातारी एकटी राहू शकते का. नाही म्हणालात तर ती तिला फीनिक्सला नेणार — कुठलासा वृद्धाश्रम आहे म्हणे, जेवण ट्रेमधून येतं आणि बर्फ म्हणून पडत नाही. बर्फ नाही! मिनेसोटाच्या बाईला! काय करेल ती तिथं, वाळू मोजेल? लिहा, राहू शकते. झालं तुमचं काम. आता ही लिंबाची वडी खा, मी केलीय. त्या ताटलीतल्या सगळ्या तुमच्याच.

अहो, ही काय साधीसुधी बाई आहे? बाप धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी, आणि ही आमच्या साप्ताहिकात मयतांच्या बातम्या लिहायची. इतक्या झकास लिहायची की लोक म्हणायचे, मरायचं तर इमोजीन रजेवर नसताना मरावं. आणि मग एक दिवस बाईनं कादंबरीच काढली. त्यात कोण? आम्हीच! पाद्रीबुवांची बायको, दातांचा डॉक्टर, किराणावाला — नावं बदललेली, पण चाल तीच, खोकला तोच. लायब्ररीवाल्या बाईनं पुस्तक कुलपात ठेवलं, आणि कुलपापुढे ही रांग! तिकडे न्यूयॉर्कला तिला मोठं बक्षीस मिळालं, आणि इकडे चर्चमध्ये तिच्या बाकावर कोणी बसेना. जे पुस्तकात आले ते रागावले, आणि जे आले नाहीत ते त्याहून रागावले.

मी? मी आले की. गर्टी प्लम. पडद्याआडून बघणारी, दुसऱ्याच्या भांड्यावरचं झाकण उचलून वास घेणारी शेजारीण. तिच्या सगळ्या पुस्तकांत आहे ती, बाकीचे पटापट मरतात पण गर्टीला काही होत नाही. लोक म्हणतात माझ्यावरून घेतलीय. मला तर बाई काही साम्य दिसत नाही — थांबा, ती निळी गाडी कोणाची? दोनदा गेली. हां, पोस्टातली नवी पोरगी. घटस्फोट झालाय तिचा. हं, तर काय सांगत होते?

न्यूयॉर्क. गेली होती राहायला, प्रकाशकांनी बोलावलं म्हणून. वर्षभरात परत, त्याच करड्या कोटात. मी म्हटलं, "काय गं, एवढी मोठी लेखिका झालीस आणि परत कशाला आलीस?" तर म्हणाली, "वर्ना, भिंतीपलीकडचा माणूस रात्रंदिवस खोकायचा, आणि त्याला काय झालंय हे मला वर्षभर कोणी सांगितलं नाही. लिहू काय डोंबल?" तेव्हापासून रोज सकाळी माझ्याकडे कॉफी, नाही तर मी तिच्याकडे. मीच तिला सगळं सांगायचे. सांगायचे म्हणजे — तोंडातून निघून जायचं.

आणि तिची लिहायची तऱ्हा ऐका. चर्चच्या तळघरात सगळ्यांचं मिळून जेवण असतं ना, तेव्हा आम्ही बायका आपापल्या भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून नाव घालतो, नाही तर भांडं गेलंच म्हणून समजा. इमोजीन स्वयंपाकाच्या नावानं शून्य, ती आपली भांडी उचलून बुडं वाचत फिरायची. तीच खोड घरी नेली. टेबलावर कप मांडायचे, प्रत्येक कपाच्या बुडाला एकेका पात्राचं नाव. भांडण झालं की कप लांब, प्रेम जमलं की कानाला कान. मेला की सिंकमध्ये. मी एकदा चुकून मेलेल्या बँकवाल्यात कॉफी ओतून घेतली, तर केवढी ओरडली माझ्यावर! मला कायम गर्टीचा कप. पिवळा, टवका उडालेला. म्हणून सांगते, आत गेलात आणि जिकडेतिकडे चिकटपट्ट्या दिसल्या तर दचकू नका. कामाची रीत आहे तिची.

कुठली पट्टी? शेगडीवरची? 'बंद केलीस का' अशी? म्हणजे तुम्ही मागच्या खिडकीतनं बघितलंत? मिस्टर हॉल्ट, लोकांच्या खिडक्यांतून डोकावतात का कधी! — असेल तेही एखादं पात्र. असतात तसली पात्रं. — अहो, ताटली का उलटी करताय, वड्या सांडतील! — हो, माझीच पट्टी आहे ती, माझंच नाव, मग? — अक्षर? अक्षराचं काय? सारखंच असतं सगळ्यांचं.

बरं. माझं आहे. शेगडीवरची मी लावली. दारावर 'बाहेर थंडी आहे, आधी वर्नाला हाक मार', तीही माझीच. अहो, फेब्रुवारीत सपाता घालून निघाली होती कोठाराकडे, बापाचा डबा घेऊन — बाप जाऊन किती वर्षं झाली — पण काही झालं का? काही नाही झालं! बर्फ काढायच्या गाडीवरच्या अर्व्हिडनं तिला वर बसवलं, गावाला एक चक्कर मारली, "डबा पोचला हं, मिस स्ट्रँड," म्हणून घरी सोडली. हे लिहू नका. आणि दुकानातला डेल तिनं पुन्हा पुन्हा घेतलेलं लोणी पिशवीतून हळूच काढून ठेवतो — तेही नको लिहू. हाच डेल हं, ज्याच्या बापाला तिनं कादंबरीत वजनात मारणारा किराणावाला केलं. राग गेला का त्याचा? छे! नाव काढलं तरी लाल होतो. पण लोणी काढून ठेवतो.

बघितलंत, ही माझी जीभ. डब्याचं, लोण्याचं तुम्ही काही विचारलंही नाहीत, नुसते बसलात, आणि मी — तुम्ही लोक मुद्दामच गप्प बसता ना? तेच शिकवतात ना तुम्हाला?

मग ऐकाच आता. एकटी नाही राहू शकत ती. झालं समाधान? पण तिला एकटं ठेवलंय कोणी? तिनं आज सकाळी काय खाल्लं, मला विचारा. फीनिक्सला ट्रे आणणाऱ्या पोरीला कोण सांगणार, की ही वाटाणे वेचून बाजूला ठेवते, आणि कोणी मेलं की तसं म्हणत नाही, सिंककडे बोट दाखवते? त्या कागदावर शेजाऱ्यांसाठी जागा नाही? मग समासात लिहा. पेन आहे ना हातात? लिहा, टॉलेफसन बाई दिवसातून पाच वेळा डोकावते, सांगितलं तरी ऐकत नाही, स्वभावच आहे मेलीचा.

परवा मी तिला जेवायला हॉटडिश दिली, त्याचं भांडं तिनं परत पाठवलं. आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून आत नेहमीप्रमाणे दुकानातल्या गोड गोळ्या. पण बुडाची माझी पट्टी काढलेली आणि तिथं लिहिलेलं, गर्टी प्लम. गंमत केली तिनं. गंमतच ती. मी तसंच नेलं रविवारी चर्चला, आणि जेवणानंतर बायकांनी बूड वाचलं आणि भांडं सरळ माझ्या हातात दिलं. एकीनंही चेष्टा केली नाही हो. त्याचंच जरा कसंतरी झालं. तिच्या टेबलावर आता गर्टीचा एवढा एकच कप राहिलाय, मिस्टर हॉल्ट. बाकी सगळे सिंकमध्ये.

पडदा गेला वर. — बघा, आली. हातात पिवळा कप, पायात बूट. बूट आहेत, तेवढं लिहा! — आले गं, आले! — हो, गर्टीच, दुसरी कोण असणार? — तुम्ही काय बघताय माझ्याकडे? माझंच नाव आहे ते. — हळू गं, गवत ओलं आहे, सांडेल सगळी कॉफी. — हा? हा कोणी नाही गं, वाचक आहे तुझा, लांबून आलाय. निघालाच होता.

निघालात ना?