ताईंनी न दिलेली नावं

मंडळी,

कुणी शिफ्ट सोडून आलात, कुणी दुकान बंद करून. सुनंदाताई म्हात्रेंबद्दल 'होत्या' म्हणताना जीभ अडते. तरी बोलतो. एकाच स्टाफरूममध्ये आम्ही वर्षानुवर्षं बसलो, मी नाही तर कोण बोलणार?

ताई कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवत. ताण वाढला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. ते रक्तात असतं, तसं लाळेतही असतं. ते मोजणारी कागदी पट्टी ताई बनवत होत्या. तिच्यावर सोन्याचे अतिसूक्ष्म कण. त्यांच्यामुळे लाल रेघ उमटायची. कॉर्टिसॉल जितकं जास्त, तितकी रेघ फिकी. सुई नको, रक्त नको.

आणि हे कुणासाठी? कापडाच्या कारखान्यात लूमवर उभं आयुष्य काढणाऱ्या आपल्या कारागिरांसाठी.

कारखान्यात पहिल्याच दिवशी एकाची अख्खी पट्टी लालभडक. तो खूश. "देखो मॅडम, मेरा टेन्शन!"

ताई म्हणाल्या, "टेन्शन नहीं, पान है. जा, कुल्ला कर के आ."

तेव्हापासून नियमच झाला. आधी नळावर गुळण्या, मग थोडा वेळ शांत बसायचं, मग नमुना. लोडशेडिंगमध्ये नमुने खराब होऊ नयेत म्हणून ताईंनी मासळीबाजारातून थर्माकोलचा डबा आणला, बर्फासकट. महिनाभर आमच्या प्रयोगशाळेला कोळंबीचा वास होता!

मग कारखान्याचे मालक म्हणाले, "कुणाची रेघ फिकी, त्यांची नावं द्या. असली माणसं मला मशीनवर नकोत."

"नाव एकही मिळणार नाही."

"मग उद्यापासून आत येऊ नका."

ताई आत गेल्या नाहीत. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर डबा घेऊन बसल्या. मला वाटलं, आता कोण येतंय? पोटाचा प्रश्न आहे. पण कारागीर आले. मालकांच्या देखत आले, गुळण्या करून आले.

मंडळी, मागच्या फलकावर 'शोध लावला' असं लिहिलंय. ताईंनी ते पुसायला लावलं असतं. पट्टी पुरी झालेली नाही. आपल्या दमट हवेत ती अजून दगा देते. पण ती पुरी होणार, हे मी खात्रीनं सांगतो. कारण ताईंची विद्यार्थिनी नसरीन इथं पहिल्या रांगेत बसली आहे.

काल मालकांनी तिला बोलावलं. आत जागा देतो, फ्रिज देतो, फक्त नावं दे. ती नाही म्हणून आली. मग माझ्याकडे आली. "सर, ताईंचं काम बंद तर नाही ना पडणार माझ्यामुळे? बरोबर केलं ना मी?"

आज मालकही सभेला आलेत, त्यांच्यासमोरच सांगतो. बरोबर केलंस, नसरीन. सोमवारी टपरीवर मीही येतो, डबा मी उचलतो.

आता उभे राहू या. शेजारचे लूम चालूच राहतील, राहू देत. आपण ताईंसाठी थोडा वेळ गप्प राहू या.