नाव घातलेली रेकॉर्ड

आमच्या संग्रहालयातली ती लोकगीतांची रेकॉर्ड पाहिलीये ना तुम्ही? काचेच्या पेटीतली, कव्हरवर गीतकाराची सही असलेली. लासलगावच्या एका मंडपवाल्याने भेट दिली म्हटल्यावर खालची पाटी मीच लिहिली होती: 'गीतकाराने मित्राला स्नेहाने सही करून दिलेली प्रत.'

परवा टोपी घातलेले एक म्हातारे बाबा आले. पाटी सावकाश वाचली आणि म्हणाले, "ही गाणी माझी. नावबी मीच लिवलंय."

मी लगबगीने खुर्ची दिली, चहा मागवला. म्हटलं, "बाबा, मंडपवाल्यांशी फार जुनी मैत्री असेल तुमची?"

"कसली मैत्री! माझ्या पुतणीच्या लग्नात स्पीकरवर वाजवायला त्यानं माझ्याकडून नेली. लग्नाच्या गडबडीत वस्तू इकडंतिकडं होत्यात. भांड्यांवर नाव घालतो ना आपण, तसं हिच्यावर घातलं."

"मग?"

"मग काय! आमची पातेली आली, पराती आल्या, झारासुद्धा आला. ही नाय आली."

मी म्हटलं, "पण बाबा, आता ही संग्रहालयाची ठेव आहे. लांबून लांबून लोक बघायला येतात."

"येऊ द्या की."

त्यांनी बशीतला उरलेला चहा संपवला, मिशी पुसली, खिशातून कापडी पिशवी काढून झटकली आणि पेटीच्या कुलपाकडे बोट दाखवलं.

"उघडा. उशिरा का व्हईना, नाव घातल्याचा उपयोग झाला."