हे गाणं तुला कुणी दिलं

मी मूळची लोणखेड्याची, शहाद्याला खेटून आहे ते. बाप ज्वारी-कापूस करायचा, आम्ही चौघी बहिणी, मी सगळ्यांत धाकटी. आमची बोली अहिराणी, पण तुम्ही लिहून घेणार म्हणून शाळेतल्यासारखं बोलतेय, मध्येच जीभ घसरली तर घसरू द्या. आणि आधीच सांगून ठेवते, माझं बोलणं कुणी असं मन लावून ऐकायला बसलं की मला भीतीच वाटते, कारण त्याच्या मागून काय काय होतं ते मी बघून बसलेय.

लहानपणी मी फार रडायची. स्वतःचं दुखलं म्हणून नाही हो, दुसऱ्याचं. आमच्या शेजारी एक काकू होत्या, त्यांच्या म्हशीचं पारडू मेलं, तर त्यांनी त्याच्या कातड्यात कडबा भरून ते म्हशीच्या पुढ्यात उभं केलं, सगळेच करतात, नाहीतर म्हैस पान्हा सोडत नाही. ती म्हैस त्या कडब्याच्या पारडूला चाटायची आणि काकू खाली बसून दूध काढायच्या. मला ते बघवेना. मला वाटे म्हशीला सगळं माहीत आहे, माहीत असून ती चाटतेय. मी दूध प्यायचं सोडलं, जेवण सोडलं, आणि आईबरोबर जात्यावर बसले तेव्हा त्या म्हशीचं गाणं तोंडातून आलं, जसं आलं तसं म्हटलं. आई जातं थांबवून माझ्याकडे बघतच राहिली. काय सांगू तुम्हाला, आठ-पंधरा दिवसांत ती म्हैस आटली, आणि काकू आमच्या दारात येऊन उभ्या, तुन्ही पोरनी नजर लागनी मन्ही म्हैसले. म्हशी आटतातच की, पण हे कुणाला सांगणार.

मग मला तळोद्याकडच्या एका भगताकडे नेलं. त्यानं कोंबडं नाही मागितलं, नारळ नाही मागितला, माझ्या कपाळावर राख लावून किती तरी वेळ नुसता बघत बसला आणि आईला म्हणाला, हाई पोरना अंगमा काही नही, इले दुसरानं दुख लागस, त्याले इलाज नही. आईला ते पटलं नाही. काही तरी अंगात असतं तर बरं झालं असतं, काढता तरी आलं असतं, असं ती वाटभर म्हणत होती.

लग्न झालं ते तापीकाठच्या गावात, प्रकाशाच्या अलीकडे. घर चांगलं, केळी, कापूस, दारात बैलजोडी. सासू कडक पण खोटी नाही. आमच्या घरचे, म्हणजे पोरांचे वडील, नाव नाही घेणार मी, शांत माणूस. फार बोलणार नाहीत, पण नजर सगळीकडे. दुकानातून मीठ आणलं तरी बोटानं चाखून बघणार. असा स्वभाव.

आमच्याकडे हळदीला, पाठवणीला बायका गाणी म्हणतात, पिढ्यान् पिढ्या तीच. मीही म्हणायची. पण गावात एका पोरीचं लग्न होतं, तिची आई तिच्या लहानपणीच गेलेली, घरात सावत्र आई. पाठवणीला बायका गात होत्या आणि मी त्या नवरीकडे बघत होते. तिच्या मांडीवर कपड्याची एक पोटली. कुणी डोक्यावरून हात फिरवला, कुणी ओटी भरली, पण तिची मूठ त्या पोटलीच्या गाठीवरून काही हलेना. आणि कपड्यातून आतलं काही तरी गोल दिसत होतं. बस्स, मला गळ्याशी दाटून आलं आणि मी गाऊन गेले,

पोटलीनी गाठ लाडी सोडू देस नही,
मायनी बांगडी आत, माय दिसस नही.

लाडी म्हणजे आमच्याकडे नवरी. नवरी जी हंबरडा फोडून रडली, की तिची ती सावत्र आई उठली आणि पोटली ओढायला लागली, म्हणे, मी म्हणतेच चांदीची बांगडी गेली कुठे. तेव्हा त्या पोरीचा बाप, कधी बायकोपुढे न बोललेला माणूस, बायकांच्यात शिरला आणि म्हणाला, ऱ्हाऊ दे, तिन्ही मायनी शे. पोरगी बांगडी घेऊन सासरी गेली. पण ती सावत्र आई, तिनं गावभर केलं ना, ही आमच्या घरात शिरून गाठोडी सोडून बघते, आणि बघत नसेल तर मग हिच्यात काही तरी आहे, दोन्हींतलं एक.

तिथून सुरू झालं. मी पाणवठ्यावर गेले की बोलणं थांबायचं. ती उनी, चूप ऱ्हावा, असं हळूच म्हटलेलं मला ऐकू यायचं. एक बाळंतीण मला बघून पोरावर पदर टाकायची. आणि गंमत बघा, लग्न निघालं की त्याच बायका बोलवायला यायच्या, चल व, तुन्हाबिगर रंग नही. गाणं पाहिजे, गाणारी नको. मीसुद्धा मग संशयी झाले, कुणी गोड बोललं की वाटायचं हिला माझ्याकडून काय काढून घ्यायचंय.

त्याच सुमारास गावात शाळेला नवे गुरुजी आले, नाशिककडचे, एकटेच, आमच्या घरासमोरच्या खोलीत राहायचे. एका हळदीला त्यांनी माझं गाणं बाहेरून ऐकलं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर सासूपाशी येऊन बसले आणि विचारलं, काल ते गाणं कोणी म्हटलं, जुनं आहे का? सासू म्हणाली, आमनी वहूनं शे, तिन्हा डोकामातून येस. गुरुजी चकित. मला दारातूनच म्हणाले, बाई, परत एकदा म्हणाल का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, बरं, पण एक सांगतो, तुम्हाला जे लागतं ते सगळ्यांना लागत नाही, रडू येतं म्हणून लाजू नका, गाणं तिथूनच येतंय. आयुष्यात कुणी मला असं बोललं नव्हतं. मी आत जाऊन चुलीपुढे बसले.

गुरुजी तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. ते आमच्या घरच्यांना रस्त्यात गाठून म्हणाले, तुमच्या बायकोला देणगी आहे, तिला जपा. झालं. परका माणूस आपल्या बायकोचं कौतुक करतो म्हणजे काय? आणि बाई शाळेची पायरी चढलेली नाही, तिला असं जुळवता येतं म्हणजे कुणी तरी जुळवून देतंय. घरी आले ते सरळ विचारलं, कोन शिकाडस तुले? मी म्हटलं, कुणी नाही. कोन देस तुले गाना? अहो कुणी नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पाण्याला निघाले की ते कुंपणापाशी उभे, मी कापूस वेचायला गेले की ते बांधावर. मारलं नाही कधी, शिवी दिली नाही. नुसतं बघायचे. ते बघणं फार वाईट.

एकदा भर दुपारी केळीत पाणी चालू होतं, तिथे मला बोलावलं आणि म्हणाले, बठ आठे. आते मन्हासमोर एक गानं कर. म्हटलं, कशावर? म्हणाले, हाई मोटवर कर, बैलवर कर, कशावर बी कर. मी बसले. मोट वर आली, खाली गेली, वर आली, खाली गेली, माझ्या तोंडातून एक शब्द निघेना. असं सांगून होतं का ते? गळ्याशी काही यावं लागतं. मी रडायला लागले तर ते उठले, म्हणाले, समजनं. काय समजलं ते बोलले नाहीत. पण त्यांच्या मनात पक्कं झालं की देणारा समोर नसला की हिला येत नाही.

गावातही कुजबुज गेली होतीच. गुरुजींकडे पोरं पाठवायला लोक का-कू करायला लागले. भला माणूस, त्यानं आपणहून बदली मागून घेतली. जाताना माझ्या दाराकडे बघितलंसुद्धा नाही, माझं भलं व्हावं म्हणूनच नसेल बघितलं. आणि घरात मला सांगण्यात आलं, आजपासून गाणं बंद. लग्नात जा, जेव, ये. तोंड उघडायचं नाही.

त्या काळात मी खंगले. शहाद्याच्या डॉक्टरनं सुया दिल्या, टॉनिक दिलं. बायकांचं दुखणं म्हणाला. दुसऱ्यांचं रडणं तर दिसायचंच, पण ते बाहेर जायला वाट नव्हती, ते आतच साचायचं. मला दोन मुलगे झाले, मग एक मुलगी. मुलीवर ह्यांचा फार जीव. पण एक गोष्ट मी बघत होते. ते तिला तापीवर नेत नसत, आणि कधी न्यावंच लागलं तर तिचं मनगट असं घट्ट धरायचे की घरी आल्यावर पोरीच्या हातावर लाल वळ असायचे. स्वतः नदीत कधी उतरायचे नाहीत. राखीच्या दिवशी सकाळीच शेतात निघून जायचे. मी काही विचारलं नाही, विचारायची सोयच नव्हती.

मग ह्यांच्या चुलत पुतणीचं लग्न निघालं, नदीपलीकडच्या गावात. माघाचा महिना, डोहाला पाणी होतं, सगळे नावेत बसलो. नवरी, बायका, सासू, मी, मांडीवर मुलगी. ह्यांनी मुलगी माझ्याकडून घेतली, तिचं मनगट धरलं आणि पुढच्या नदीकडे पाठ, सुटलेल्या काठाकडे तोंड करून बसले, मी त्यांच्या पाठीमागे नावेच्या टोकाला. नाव भर पाण्यात आली. बायका गप्प, कारण मी गप्प. माझ्या डोळ्यांसमोर ह्यांची पाठ, ताठ, आणि त्या पाठीत सगळं दिसत होतं हो, कसं सांगू. मला सांगितलं होतं तोंड उघडायचं नाही, पण ते माझ्या हातात नव्हतं.

नदीकडे पाठ, भाऊ नावमा का बठना,
हातमा व्हता हात, हात मोकळा कसा व्हयना.

हातात हात होता, तो सुटला कसा, असं आलं तोंडातून. ह्यांनी मान फिरवली नाही. पण सासू, त्या कडक बाईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि सोनी, सोनी, असं ओरडली. सोनी कोण, मला माहीत नव्हतं. पोटच्या लेकराची शपथ, नव्हतं. ह्यांची धाकटी बहीण. लहानपणी ह्यांच्याच हाताला धरून नदीवर गेलेली, हात सुटला आणि डोहात गेली. सासऱ्यांनी त्या दिवसापासून घरात तिचं नाव घेऊ दिलं नव्हतं, ते वारले तरी कुणी घेतलं नाही.

लग्न उरकून परत आलो आणि ह्यांनी चौकशी मांडली. आईला विचारलं, तू सांगं? तिनं देवावर हात ठेवला. चुलत्याला विचारलं, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं, त्या नावाड्याला विचारायला पुन्हा नदीवर गेले. कुणीच सांगितलेलं नाही. गुरुजी जाऊन वर्षं झालेली. संशय घ्यायला माणूसच उरला नाही. मग एका दुपारी मी धान्य पाखडत होते, तिथे येऊन बसले. सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाले, तिनी ओढनी मन्हा हातमा ऱ्हायनी व्हती. ती कोठे गयी माले याद नही. आणि रडले. मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघितलं. मी सूप खाली ठेवलं आणि बसले.

त्यानंतर गाणं बंद कर असं कुणी म्हटलं नाही, कर असंही म्हटलं नाही. मी आपली गाते. सासू राखीला पाटावर सोनीच्या नावाचा घास काढायला लागली, आता ती गेली तर मी काढते. गाव काही बदललं नाही, मी आले की अजून दोघी-तिघी पदर सावरतात. हे सुद्धा अगदी मोकळे झालेत असं म्हणणार नाही मी. हळदीला मी गायला बसले की मांडवाच्या बाहेर खांबाला टेकून उभे राहतात, ऐकतात की पाळत ठेवतात ते त्यांचं त्यांना माहीत. माझ्याशी बोलताना मध्येच थांबतात, मी बघितलं की दुसरीकडे बघतात. इतक्या वर्षांच्या संसारात नवरा बायकोला असा बिचकतो, तर आता काय करायचं, मी डोळे तर फोडून घेऊ शकत नाही. पण परवा पुतण्याच्या लग्नात गाणं संपलं तसे आत आले, चारचौघींच्या देखत पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाले, पी, गळा सुकना व्हई. मी प्यायले. चला, माणसं बिचकत का होईना ऐकतात. ऐकू देत, त्यांची लेकरं-बाळं सुखात राहोत.