बाईंच्या संपात आठ वह्या

चहा गार व्हायच्या आत सांगतो, ऐका. पट कमी म्हणून आमच्या वाडीची शाळा बंद करायचं सरकारात घाटत हुतं. पोरं सात, बाई एकच. शाळा वाचवायला त्या संपावर गेल्या आनि बाकीच्या मास्तरांसंगं कोल्हापुरात संपाच्या मांडवात जाऊन बसल्या. मी सकाळच्या यष्टीनं पोरांच्या वह्या घेऊन तिथं हजर.

"बाई, गृहपाठ तपासा."

"आबा, संप हाय. काम बंद."

"बरं. पोरांस्नी सांगतो, बाईंनी बघितलंबी न्हाय म्हणून."

झालं! बाईंनी पिशवी ओढली, लाल पेन काढलं. त्यांचा पुढारी वरडला, "बाई, संप मोडताय व्हय?"

"सर, घोषणा तोंडानं द्यायच्यात. हात मोकळाच हाय की!"

घोषणा देत देत सात वह्या झाल्या. खाली आठवी निघाली.

"आबा, ही कुणाची?"

"माझी. तिसरीतनं पळून गेलतो. आता पट एकानं वाढला का न्हाय?"

बाई हसायला लागल्या आनि हसता हसता डोळं पुसायला लागल्या. माझा पाढा तपासून खाली शेरा लिहिला, 'रोज शाळेत हजर राहणे.'

मी म्हटलं, "आधी तुम्ही शाळा जिंकून हजर व्हा, बाई. पोरं वाट बघत्यात. माझ्यासकट आठ."